डावा दिवा

प्रिय ठमे,

माझं अक्षर बघून आधी पोटभर हसून घे. 'कोंबडीचे पाय' म्हणायचीस ना, ते इतक्या वर्षांत जराही सुधारलेले नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा पहिला प्रश्न एकच, गाडीला इथला नंबर मिळाला का? तिन्ही वेळा मी तुला थाप मारली. एकदा म्हटलं साहेब रजेवर आहे, एकदा म्हटलं त्यांचे कॉम्प्युटर बंद पडलेत, आणि परवा तर दारावर कोणीतरी आलंय म्हणून फोनच ठेवला. दारावर कोणी नव्हतं. आज रविवार. गुरुवारी नोंदणीची तारीख आहे आणि तू सही-शिक्का करून पाठवलेला कागद माझ्यासमोर टेबलावर पडलाय. तो त्या खिडकीत द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. माझं ठरलंय, पण ते आधी तुला कळायला हवं, आणि फोनवर सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

पहिल्यापासून सांगते. बाबांची ही गाडी इकडे परदेशात आणायचं खूळ माझंच. आई गेल्यावर बाबांना मी माझ्याकडे आणलं, घर विकलं, तेव्हा शेडमधली गाडी भंगारात घाला असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. पण मी कुणाचं ऐकलंय कधी? मला वाटलं, म्हातारा माणूस मन मारून बोलतोय. मग तुला हाताशी धरलं. तू सुट्टीच्या दिवशी पाइप लावून गाडी धुतलीस, कंटेनरमध्ये चढेपर्यंत उन्हात उभी राहिलीस, आणि वर मलाच दटावलंस, की काकांना आधी काही बोलू नकोस, त्यांचा चेहरा बघायचाय मला. गाडी दारात उतरली त्या दिवशी मी बाबांचे डोळे झाकून त्यांना बाहेर नेलं आणि हात काढले. त्यांनी गाडी बघितली. मग काठी टेकत आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी तुला कळवलं की त्यांना भरून आलं. खरं तर त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला काय म्हणतात ते मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या दिवसापासून ते गॅरेजकडे फिरकले नाहीत. जेवायला बसतानासुद्धा खुर्ची फिरवून त्या भिंतीकडे पाठ करून बसतात.

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही काही आपलीच मक्तेदारी नाही, हे इथे आल्यावर कळलं. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे वेगळी खिडकी आहे. तिथल्या बाई चष्मा साखळीला अडकवून बसतात आणि प्रत्येक कागद उजेडात धरून बघतात. त्यांना खरेदीचा कागद हवा, बंदराचा हवा, तपासणीचा हवा, आणि शिवाय गाडीला सुरुवातीपासून ओळखणाऱ्या, घरच्या नसलेल्या, मानाच्या जागेवरच्या माणसाचं लेखी निवेदन हवं. गाडी एकाच मालकाकडे होती आणि तिला कधी अपघात झालेला नाही, असं. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं कोण येणार? मुख्याध्यापिकाबाई तुम्ही, तुमच्याकडे गोल शिक्का, तुम्ही या गाडीच्या मागच्या सीटवर बसून चिंचा खाल्लेल्या. मी मजकूर सांगितला आणि तू दोन दिवसांत कागद धाडलास. सोबत चिठ्ठी, की काकांसाठी हे तर काहीच नाही, मी अजून काय करू ते सांग.

कागद दाखवायला गेले त्या दिवशी त्या बाई उठून गाडीपाशी आल्या. पुढून बघितलं, मागून बघितलं, पुन्हा पुढून बघितलं. मग मला विचारलं, या दोन नंबरपाट्या दोन वेगवेगळ्या माणसांनी रंगवल्यात का? ठमे, मी त्या गाडीत लहानाची मोठी झाले आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. मागच्या पाटीवरचा सात शेपटीवाला आहे. तो सात तुझ्या बाबांशिवाय आपल्या गावात कोण काढायचं? दवाखान्याची पाटी, पिठाची गिरणी, शाळेचं नाव, सगळीकडे त्यांचीच शेपटी. मी त्या बाईंना फुशारकीनं सांगितलं, की आमच्या गावच्या पेंटरकाकांचा हात आहे हा, माझ्या मैत्रिणीचे वडील. मला 'शिडी' हे नाव त्यांनीच ठेवलं हेसुद्धा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पुढची कोणी केली? पुढचा सात सरळसोट. त्यांनी फॉर्मच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि दिवे बदलून या म्हणाल्या.

रात्री जेवताना मी बाबांना पाटीचं विचारलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. इंजिनाच्या कामाला गाडी शहरात होती तेव्हा बदलली असेल, म्हणाले. मी बरं म्हटलं आणि पाणी आणायला उठले, तर मागून त्यांचा आवाज आला, दिवे काढू देऊ नकोस. मी दिव्यांचा विषयही काढला नव्हता. हल्ली त्यांना माझ्या नवऱ्याचं नाव आठवत नाही, सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, आणि दिवे मात्र आठवले. मी हसण्यावारी नेलं. पण त्या रात्रीपासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

दिवे काढावेच लागणार होते. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात म्हणून दिव्याचा झोत डावीकडे झुकता असतो. इथे सगळं उलट. तोच झोत इथे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. म्हणून दोन्ही दिवे बदलल्याशिवाय तपासणी होत नाही. आमचा मिस्त्री इतका कमी बोलतो की मी त्याला मौनीबाबा म्हणते. त्यानं आमच्या गॅरेजमध्येच आधी उजवा दिवा काढला, पुसला, बाजूला ठेवला. मग डावा काढला आणि हात थांबवून मला बोलावलं. आधी त्यानं एक छोटं लोहचुंबक डाव्या मडगार्डवरून फिरवलं. सगळीकडे चिकटलं आणि दिव्याभोवती वीतभर जागेत निसटून खाली पडलं. तिथे पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय, म्हणाला. हा दिवाही मूळचा नाही. मग त्यानं बॅटरी पेटवून माझ्या हातात दिली. दिव्यामागच्या पोकळीत, आतल्या पत्र्यावर, जिथे रंगाऱ्याचा फवारा पोचत नाही आणि कुणाची नजरही जात नाही, तिथे वाळलेले ओघळ होते. पिवळ्या रंगाचे.

मी रोज एक्स-रे काढते. माणसाच्या आत मोडलेलं काय आहे ते बघायची मला सवय आहे. तरी मी बॅटरी जवळ नेऊन पुन्हा पुन्हा बघितलं. कारण तो पिवळा बाजारातला नव्हता. आठवतंय तुला? शाळेच्या फाटकासाठी पेंटरकाकांनी तो स्वतः बनवला होता, पिवळ्यात चिमूटभर तांबडा. आपण दोघी अकरा वर्षांच्या, डब्यात काठी घालून ढवळत बसलो होतो आणि माझ्या फ्रॉकवर जो डाग पडला तो रॉकेलनंही गेला नाही. संध्याकाळी फाटकाचा एकच दरवाजा रंगवून झाला. उरलेला रंग डब्यात घालून, डबा हँडलला अडकवून ते सायकलवर बसले आणि दुसरा उद्या करतो म्हणाले. दुसरा दरवाजा वर्षभर तसाच गंजका राहिला, कारण कुणाला तो रंग जमेना.

त्याच संध्याकाळी ते पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर सापडले. एखादा ट्रक धडक देऊन गेला असणार, असं सगळे म्हणाले. बाबा अनवाणी, हातात बॅग घेऊन धावत आले. त्यांची गाडी दुपारीच बंद पडली होती ना, म्हणून पायी. पेंटरकाकू शेवटपर्यंत येईल त्याला सांगायच्या, डॉक्टर देवमाणूस, चपला वाटेत पडल्या तरी थांबला नाही. चार महिन्यांनी गाडी शहरातून परत आली ती पांढरीची हिरवी होऊन आणि आपण दोघींनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर बाबा त्या वळणावरून कधी गेले नाहीत. शाळेत सोडायलासुद्धा गावाला वळसा घालून न्यायचे आणि आपण त्यांना 'लांबच्या रस्त्याचे डॉक्टर' म्हणून चिडवायचो. तुझा अभ्यास ते माझ्याआधी घ्यायचे. मला तुझा हेवा वाटायचा, ठमे. माझे बाबा तुझे जास्त आहेत असं वाटायचं.

तरीही मी आठवडाभर स्वतःची समजूत घालत होते. रंग काय, कुठेही उडतो. मग काल सकाळी बाबा खोलीत नव्हते. गॅरेजमध्ये सापडले. काठी खाली पडलेली, गुडघ्यांवर बसलेले, एका हातात टर्पेंटाइनची बाटली आणि दुसऱ्या हातात स्वतःचा बनियन. दिव्याच्या भोकात कोपरापर्यंत हात घालून घासत होते. मी बाटली काढून घेतली. मग तिथेच फरशीवर बसून त्यांनी सांगितलं. ते जसंच्या तसं लिहिते, पदरचं काही घालत नाही. वळणावर मावळतीचं ऊन डोळ्यांवर आलं आणि सायकल दिसलीच नाही. पेंटरकाका उठून बसले होते, शुद्धीवर होते. बाबांना ओळखून म्हणाले, डॉक्टर, रंग सांडला हो माझा. बाबा म्हणाले, हलू नका, बॅग घेऊन येतो. घरी आल्यावर आधी त्यांनी गाडी शेडमध्ये घातली, बादलीभर पाण्यानं पुढचा भाग धुतला, वर ताडपत्री ओढली, आणि मग बॅग घेतली. तोवर अर्धा तास गेला होता. रक्त आत, पोटात वाहत होतं. अर्धा तास आधी गेलो असतो तर वाचवला असता, हे त्यांनी मला डॉक्टर म्हणून सांगितलं. मृत्यूचा दाखलाही त्यांनीच लिहिला.

आता पत्राचं कारण. या गाडीला कधीही अपघात झालेला नाही, असं तू माझ्या सांगण्यावरून, तुझ्या सहीनं, शाळेच्या शिक्क्यानं लिहून दिलंयस. ज्या गाडीनं तुझा बाप नेला, तिच्यासाठी. तो कागद मी सोबत परत पाठवतेय, आणि मागची पाटीही काढून पाठवतेय, कारण तो सात तुझा आहे. गुरुवारी मी जाणार नाही. उरलेला पिवळा मी पुसू दिलेला नाही, त्याचे फोटो ठेवलेत आणि गॅरेजची किल्ली माझ्या गळ्यात आहे. पोलिसांना सांगायचं, गावाला सांगायचं की कुणालाच नाही, हे तू ठरव. तू जे म्हणशील त्यावर मी सही करीन. बाबांना माहीत आहे मी काय लिहितेय. माझे जेवढे दिवस उरलेत, तेवढे थांब, म्हणाले. मी म्हटलं, एक्केचाळीस वर्षं थांबून झालंय. तू फोन केलास तर मी या वेळी उचलेन. ते शेजारच्या खुर्चीतच बसलेले असतील. फोन त्यांच्या हातात द्यायचा की नाही, तेवढं मला सांग.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच,
शिडी