नरडाण्याला थुंकलो त्याचं कारण

मुक्ताईनगर, मंगळवार

धुळ्याचे आमचे व्याही भिकन आबा यांना उखर्डूचा हात जोडून रामराम, आणि विहीणबाई लताबाईंनाही तोच. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. तेल लावत असाल तर कोमट करून लावा, थंड तेलाने नुसती चादर खराब होते. इकडे सगळे धडधाकट. केळीवर करपा आलाय, पण ते रडगाणं नंतर. फोन तुम्ही उचलत नाही, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही, म्हणून कागद घेतला. माझं शिक्षण आठवी नापास, तेव्हा अक्षर चालवून घ्या.

मुद्दा असा की आमच्या तेजसची पोरगी दीड महिन्याची झाली आणि अजून बिननावाची आहे. नाव ठेवायचं ते आत्याने, आणि आत्या म्हणजे आमची रूपाली तुमच्या घरात, आणि तुम्ही तिला पाठवत नाही. फोनवर ती नाव सांगत नाही (कानातच सांगेन म्हणते, आणि तिचं बरोबर आहे). तोवर पोरीला तिची आजी, आमची बेबाबाई, छबी म्हणते, तेजस चिकू म्हणतो, शेजारची शेवंताबाई सरळ ‘ए बारीक’ म्हणते. यातलं एखादं चिकटलं म्हणजे संपलं. माझ्या वेळी आत्या पुरामुळे पलीकडे अडकली, तोवर उकिरड्यावर ठेवून उचललेलं पोर म्हणून जे नाव पडलं ते मी अजून वागवतोय. तुमचं नाव भिकन. तुम्हाला जास्त सांगायला नको.

आता तुमचा राग. विहीणबाईंनी बेबाबाईला सांगितलं की उखर्डू दारूवर पेपरात लिहितो आणि भर मांडवात व्याह्याची अब्रू काढतो, तो सुधरेपर्यंत सून तिकडे जाणार नाही. पहिली गोष्ट, मी काही ठरवून लेखक झालो नाही. आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांची सहल नाशिककडे द्राक्षं बघायला गेली होती. शेवटी एका वाईनच्या कारखान्यात नेलं आणि पेल्यात दोन-दोन घोट दिले. फुकटच्या वस्तूला नाव ठेवू नये म्हणून सगळे माना डोलवत होते. मी म्हणालो हिला भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. तिथला साहेब हसून म्हणाला नाना, तो लाकडी पिंपाचा वास. मी म्हणालो मग पिंपात गोणपाट राहिलं असेल, बघून घ्या. आमच्यासोबत जळगावच्या पेपरचा जितेंद्र होता. त्याने ते जसंच्या तसं छापलं, लोकांना आवडलं, आणि तेव्हापासून दर रविवारी ‘नानाचा घोट’ येतो. मी सोमवारी फोनवर बोलतो, तो लिहून घेतो आणि त्यातला ‘भिकार’ हा शब्द काढतो.

या धंद्यात फुकटचा सोपस्कार फार आहे आबा. बाटलीवर लिहिलेलं असतं की हिच्यात चेरी आहे, तंबाखू आहे, चामडं आहे. चामडं प्यायची वेळ आपल्यावर अजून आलेली नाही. एकदा पुण्याचा एक जाणकार घरी आला, स्वतःचे पेले घेऊन. बाटली उघडली आणि म्हणाला आता हिला श्वास घेऊ द्या. अर्धा तास आम्ही दोघं बाटलीकडे बघत बसलो. म्हैस व्यायला झाली की मी रात्रभर बसतो, पण तिथं शेवटी पारडू तरी मिळतं. मग एका कंपनीने विचारलं की वांग्याच्या भरितासोबत कोणती वाईन चांगली लागते ते लिहा. मी सांगितलं, पाणी. जितेंद्र म्हणाला नाना, लेख मोठा लागतो, अर्धं पान आहे. मी म्हणालो उरलेल्या जागेत बियाण्याची जाहिरात टाक. त्याने टाकली. त्या कंपनीच्या बाटल्या बंद झाल्या (बेबाबाई हळहळली, रिकाम्या बाटल्यांत ती तीळतेल भरते).

आता नरडाणा. जावईबापूंनी, म्हणजे तुमच्या भूषणरावांनी, तिथं केळीच्या वाईनचा कारखाना काढला याचा मला आनंदच आहे. उद्घाटनाला मांडव होता, बँड होता, तुम्ही नवी टोपी घातली होती आणि पहिला पेला स्वतःच्या हाताने मला दिला. मी तो फिरवला, वास घेतला, घोट तोंडात धरून वर बघितलं, आणि मग थुंकलो. या कामात थुंकतातच आबा. नाशिकला त्यासाठी बादली ठेवलेली असते. तुमच्याकडे बादली दिसली नाही म्हणून कुंडीत थुंकलो. आलेल्या सगळ्या बाटल्या गिळल्या असत्या तर मी आतापर्यंत बांधावर आडवा सापडलो असतो. आणि आणखी एक कारण होतं, ते मांडवात सांगण्यासारखं नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीसुद्धा घशाखाली उतरवायचं नाही ही आमच्या बाची रीत. तुमच्याकडे आलो की मी पाण्याची बाटली सोबत आणतो ते तुम्ही बघितलं असेल, तुम्हाला वाटलं असेल डॉक्टरने सांगितलंय. पाणी नाही तर वाईन कशी गिळू?

पण तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं, “इतलं वाईट शे का, व्याही?” बँडवालेसुद्धा थांबले. तिथं मी ‘नाही’ म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, “थांबा आबा, अजून ठरलं नाही.”

कारण खरंच ठरलं नव्हतं. चव मागून येते. पण तुमचा चेहरा मी बघितला आणि मला ते लागलं, एवढं लिहितो, याहून जास्त लिहिता येत नाही. लेख बंद करणार नाही. पण बारशाला तुम्ही स्वतः या, तुमची बाटली आणा, हवा तेवढा पेला भरा. आमच्या भाऊबंदांसमोर उभा राहून मी तो गिळीन. बाची रीत मोडीन. बेबाबाईला विचारलं, ती म्हणाली बा असता तर त्यानेही पणतीसाठी मोडली असती. (बा असता तर त्याने आधी मला बदडलं असतं, पण ते सोडा.)

विहीणबाईंना नमस्कार. भूषणरावांना आशीर्वाद.

तुमचा,
उखर्डू

ता. क. बारसं शनिवारी धरलंय. रूपालीला शुक्रवारी सकाळच्या जळगाव गाडीत बसवून द्या, स्टँडवर तेजस उभा राहील. शनिवार जमत नाही, रविवारी करा, असं म्हणू नका. रविवार चालणार नाही.

ता. क. दुसरा. बेबाबाईने वरचं वाचून घेतलं आणि म्हणाली रविवार का नाही ते लिहा, नाहीतर आबांना आणखी संशय येईल. तर लिहितो. रविवारी पेपरात तुमच्या बाटलीवरचा लेख येतोय. जितेंद्रकडे गेला, आता परत येत नाही. त्यात म्हटलंय की केळी चांगली, कारखाना स्वच्छ, पण साखर एवढी की मुंगीनेसुद्धा वर पाणी मागावं. साखर कोण टाकायला लावतं ते मी लिहिलं नाही. त्या दिवशी भूषणरावांनी मला गाडीपाशी गाठून सांगितलं होतं, “मामा, आबांना गोड लागतं, त्यांना मी बोलू शकत नाही. तुम्ही छापा.” हे तुम्हाला कळू देणार नाही असा मी त्यांना शब्द दिला होता, तेव्हा हा कागद त्यांच्या हाती लागू देऊ नका. शनिवारी पोरीच्या कानात नाव पडू द्या, मग रविवारी पेपर वाचून माझ्याशी पाहिजे तेवढं भांडा. कानात पडलेलं नाव कोणाला माघारी नेता येत नाही.