मानखुर्दचा नंबर

३ मार्च, सोमवार
अखेर नलिनीमॅडमनी मला एकट्याला काम दिलं! मानखुर्दची ब्रांच बंद झाली, तिथला सर्व्हर भंगारात गेला. पण स्टाफच्या लॉगिनची, हुद्द्याची माहिती सगळ्या ब्रांचच्या सर्व्हरवर असते आणि ते एकमेकांना बदल कळवत बसतात. त्यामुळे आमचं मुलुंड आणि पवई अजून मानखुर्दची वाट बघतायत. एररवर एरर. मानखुर्दच्या सर्व्हरचा नंबर सगळीकडून पुसायचा, बस. नीट झालं तर मी ट्रेनीचा पर्मनंट. दहा मिनिटांचं काम. उद्या करतो.

४ मार्च
नाही केलं. मूड नव्हता. मॅन्युअल उघडलं, केवढं ते पाल्हाळ! सुगंधाताई, आमची सीनियर, म्हणाली आधी बॅकअप घे रे. भित्री आहे बिचारी.

५ मार्च, सकाळ
आज फायनल. ताई पवईला गेलीय. तिसरा चहा. माझा पाय हलतोय म्हणून शेजारचा नितेश ओरडला. एसीमुळे हलतोय.

दुपार
मानखुर्दचा नंबर काय, ते ताईला फोनवर विचारलं. एकोणचाळीस, म्हणाली. वर विचारते, कळलं ना? ताई, शाळा इंग्लिश असली तरी मराठी आहे मी! चाळीस आणि वर नऊ. ४९ टाकलं. सिस्टीम म्हणते हा सर्व्हर चालू आहे, तरी पुसू? मशीनला काय अक्कल. जबरदस्तीचा ऑप्शन असतो, तो मारला.

संध्याकाळ
मॅडमना झालं म्हणून सांगितलं. त्या पवईला होत्या, तिथल्याच सर्व्हरवर त्यांनी लगेच मला पर्मनंट केलं. झकास! एरर येतायत अजून. जुने असतील.

६ मार्च
मुलुंडला मी अजून ट्रेनीच दिसतोय. पवईवाल्यांचे नवे पासवर्डही इथे चालत नाहीत. सकाळपासून फोन. पवईचं नेटवर्क पहिल्यापासून भिकार. छातीत धडधडतंय, चहामुळे.

७ मार्च
ताई आली. कुठला नंबर टाकलास, विचारलं. सांगितला. म्हणाली, मेल्या, थर्टी नाइन! ४९ म्हणजे पवई. जिवंत पवई पुसली मी, म्हणून तिथले बदल इथे पोचलेच नाहीत.
ऑफिसात आकडे इंग्लिशमध्येच सांगायचा नियम हवा. सोमवारी मॅडमना सुचवतो.

संध्याकाळ
ताईने मानखुर्द साफ केलं. पवई मुलुंडच्या कॉपीवरून नव्याने भरायची ठरली, म्हणजे पवईत परवापासून केलेले बदल जाणार. माझं पर्मनंट तेवढं पवईतच होतं. मॅडमना म्हटलं, ते परत टाकाल ना? बघू म्हणाल्या, आधी एंटर दाब.
दाबलं.
आता एकही एरर नाही. मुलुंडला मी ट्रेनी, पवईला मी ट्रेनी.