खाजरा अळू

रविवार, संध्याकाळ

डबा नेहमी घासूनपुसून परत यायचा. मला वाटायचं, शेजारच्या काकूंना माझ्या हातच्या अळूवड्या लई आवडतात. आज सकाळी कुंपणापलीकडं पाहिलं, तर काकू त्याच डब्यातल्या वड्या गल्लीतल्या गायीपुढं टाकत होत्या.

आमच्या हॉलमधली बुद्धमूर्ती पाहिल्यापासून त्या इथं पाणीसुद्धा पीत नाहीत, हे ठाऊक होतं. पण परसातली कच्ची पानं तर मागून नेतात ना? मग शिजवलं की काय होतं? आणि मी एवढी खुळी कशी?

थोड्या वेळानं त्याच आल्या. हातात तो डबा, लख्ख घासलेला. "वड्या झकास होत्या गं. थोडी अळूची पानं देतेस का? कन्नड गावाहून व्याही यायलेत जेवायला."

वाफ्यातला काळ्या देठाचा, वडीचा अळू मी सोडला. मोरीच्या पाण्यावर माजलेला खाजरा अळू कापून दिला.

"चिंच किती घालू?"

"चिंच कशाला? कोवळा आहे, खाजत नाही."

दुपारी पलीकडं नुसता खोकल्यांचा कल्ला. मी मेथीला पाणी घालत ऐकत राहिले. वाईट वाटलं का? नाही. मजा वाटली.

मग काकू धावत आल्या. डोळ्यांत पाणी, घशाला हात. "ताक... ताक दे." माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून, माझ्या पेल्यातून घटाघटा प्यायल्या.

त्या गेल्यावर पेला लख्ख घासला. तरी मांडणीवर ठेवला नाही. मोरीपाशी ठेवलाय, वेगळा.