सासरेबुवांची बाग माझ्या ताब्यात

१९ मार्च

आजपासून मी बागायतदार. कुणाला सांगत सुटायची गरज नाही, इथे नोंद झाली की पुरे.

सासरेबुवा, इग्नात्सी ताता, हिवाळ्यात बर्फावरून घसरले, खुबा मोडला. आता मुक्काम तोरूनला, थोरल्या मेव्हणीकडे. 'चंडोल' या भाडेपट्टीच्या बागांच्या वसाहतीतला त्यांचा बागेचा तुकडा, लाकडी खोपटासकट, ओस पडलाय. बोगुशाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, अख्खं लहानपण त्या तुकड्यावर गेलं. तो कमिटीला परत जाणार हे कळल्यापासून ती घरात मुक्यासारखी वावरतेय. शेवटी मीच फोन उचलला. म्हटलं, ताता, मी बघतो बागेकडे.

पलीकडून, "तू?"

मग म्हणाले, बरं. सप्टेंबरात वसाहतीचा सण असतो, त्या दिवशी येईन. बाग बागेसारखी दिसली तर कागद तुमच्याकडे. नाहीतर कमिटीला.

लग्नाला एवढी वर्षं झाली, हा गृहस्थ चारचौघांत अजून मला 'तो टायरवाला' म्हणतो. एका जॅकवर धंदा सुरू करून ब्रोद्नित्सातलं सगळ्यात मोठं टायरचं दुकान उभं केलं मी. बी मातीत टाकायला अशी कितीशी अक्कल लागते? सप्टेंबरात त्यांच्या तोंडून 'माझा जावई' ऐकणार म्हणजे ऐकणार.

२३ मार्च

दह्याच्या रिकाम्या कपांत माती भरून खिडकीत मांडले. टोमॅटो, काकडी, कोबी आणि आणखी काहीतरी. बोगुशा म्हणाली, कपांवर नावं लिही. नाही लिहिली. कुठला टायर कुठल्या गाडीचा हे मी लांबून सांगतो. कुठल्या कपात काय आहे ते विसरेन?

४ एप्रिल

रोपं वीतभर झाली! बोगुशा म्हणते, उजेड कमी पडतोय म्हणून माना लांबवतायत. काही लोकांना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही. तातांना फोन केला. म्हटलं, नुसती झेपावतायत.

संध्याकाळी: सगळी आडवी. दमली असावीत.

कुठल्या कपात काय होतं, हा प्रश्न आता तसा गौण आहे.

११ एप्रिल

पॉवर टिलर भाड्याने आणला. बाकीची वसाहत अजून फावड्याने खणते. वाकलेल्या पाठीच पाठी. दया आली.

कुंपणालगतचा कोपरा तातांच्या ख्शानचा. ईस्टरला सॉसेजबरोबर किसून खातात ते तिखट पांढरं मूळ. घास तोंडात आणि झणझण कानात. यंत्र तिकडे वळवलं तशा शेजारच्या एवेलिनाबाई धावत आल्या. शाळेच्या निवृत्त हेडबाई. विधवा आहेत. आवाज अजून मैदानावरच्या पोरांना गप्प करणारा. "झेनोनराव, देवाशपथ, त्या कोपऱ्यात यंत्र घालू नका!"

मतलब लगेच ओळखला. दर ईस्टरला बाई इथूनच मुळं उपटून नेत असणार. म्हटलं, बाई, मी धंद्यात केस पांढरे केलेत. आणि यंत्र घातलं. मुळांचा पार भुगा. वर तो भुगा टिलरने आपसूक साऱ्या बागेत सारखा पसरवून दिला. खतच झालं म्हणायचं.

तातांना सांगितलं, सगळी जमीन यंत्राने नांगरली. "कोपरासुद्धा?" कोपरासुद्धा. फोन ठेवून दिला. भारावले असावेत.

३ मे

जोडून सुट्टी. ऊन असं की शर्ट काढला. दुकानातून तयार रोपं आणली (खिडकीतल्यांचा विषय संपला आहे) आणि टोमॅटो, काकडी दोन्ही लावून टाकले. रांगा दोरी लावून, एकदम अलाइनमेंट केल्यासारख्या. अख्ख्या वसाहतीत माझ्याशिवाय एकाचेही टोमॅटो बाहेर नाहीत. आळस, दुसरं काय.

एवेलिनाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "थंडीचे संत येऊन जाऊ देत की, मेच्या मध्यावर त्यांच्या दिवसांत सगळं गोठतं. पंक्राती, सेर्वाती, बोनिफाती. आणि त्यांच्या मागून थंड झोशा."

म्हटलं, संतांबद्दल आदर आहे, पण माझ्या फोनवर हवामान दिसतं.

"मग संतांनाही तुमचा नंबर द्या," म्हणाल्या. शिक्षकी पेशाने माणूस कडवट होतो.

१३ मे, सकाळ

सगळं काळं. टोमॅटोच्या जागी चहाची भिजलेली पत्ती. काकडीच्या जागी काहीच नाही. फोन अजूनही म्हणतोय, किमान चार अंश. ज्याच्यावर विश्वास टाकावा तोच असा.

वसाहतीत सगळे माझ्याकडे बघून टोपी काढत होते. मयतीला काढतात तशी.

संध्याकाळी ताता: "झाकले होतेस ना रे?" माझ्या तोंडून निघून गेलं, हो तर, एकूण एक रोप, ब्लँकेटने. "शाब्बास," म्हणाले.

शाब्बास! या माणसाकडून! आता ते परत कसं करणार? फरक फक्त तारखांचा आहे. लवकरच बागेला माझ्या बोलण्याच्या बरोबरीने आणून ठेवीन.

१६ मे

एवेलिनाबाईंनी आपणहून टोमॅटोची डझनभर रोपं दिली. मनाची मोठी बाई. मी म्हटलं, धन्यवाद.

बाईंचा चेहरा उतरला. "अहो, रोपांना धन्यवाद म्हणतात का कधी? जीव धरत नाहीत ती मग!"

असलं मी मानत नाही. गिऱ्हाइकाला धन्यवाद म्हणूनच मी वर आलोय. मुद्दाम आणखी एकदा म्हटलं, मोठ्याने.

"गेली," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

२४ मे

गेली. पण धन्यवादाने नव्हे, गोगलगायींनी. बिनकवचाच्या, तपकिरी, बोटभर. पेपरात वाचलं, बशीत बिअर ठेवली की त्यात पडून मरतात. ठेवली. सकाळी बश्या रिकाम्या, गोगलगाय एकही नाही. पिऊन पसार! रोपं खाऊन झालीच होती, वर माझीच बिअर प्यायल्या. या प्राण्याला काही धरबंध नाही.

तातांना सांगितलं, फुलोरा आलाय.

९ जून

कळवण्यास आनंद होतो (कुणाला ते जाऊ दे) की बाग हिरवीगार झाली आहे!

या टोकापासून त्या टोकापर्यंत. रुंद, तजेलदार पानं. मी नक्की काय पेरलं होतं ते आठवत नाही, पण पालक असावा, नाहीतर बीट. मी म्हणत होतोच की ही जमीन माझ्या हाताची वाट बघत होती. रोज दोन वेळा पाणी, वर खत. तातांना म्हटलं, ताता, पाय ठेवायला जागा नाही. एवढे खोकले की मेव्हणीला फोन घ्यावा लागला. तब्येत जपायला हवी त्यांची.

१४ जून

आमचे कान तिखट आहेत, त्याला इलाज नाही. संध्याकाळी खोपटाच्या मागे बसलो होतो, पलीकडे एवेलिनाबाई फोनवर. खालच्या आवाजात, मधूनच खुदकन हसून. "नाही हो... तुमची शपथ... अहो, पाणी घालतायत त्याला! दोन वेळा!"

तर बाईंचं कुठेतरी जमलंय! वयस्कर दिसतोय, काही वाक्यं तीनतीनदा सांगावी लागतात. कुणाच्या तरी झाडांच्या गप्पा. या वयात प्रेमाला विषय लागत नाही. ऐकलं आणि विसरलो. मी असल्या गोष्टी बाहेर काढणारा माणूस नाही.

१७ जून

एक पान खुडून चावलं. नंतर मूळ उकरलं, तेही चावलं.

ख्शान आहे.

बागभर ख्शान आहे. त्या भुग्याच्या प्रत्येक तुकड्याने मूळ धरलंय. आणि गेले कित्येक दिवस मी त्याला खतपाणी करतोय.

डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाने.

एवेलिनाबाईंना विचारलं, तुम्ही मला स्पष्ट का सांगितलं नाही? म्हणाल्या, "देवाची शपथ घातली होती, झेनोनराव. आणखी वर कुणाकडे जाऊ?"

२ जुलै

उपटतोय. एक मूळ तुटलं की आठवड्याने तिथे दोन. टायरच्या धंद्यात असं कधी होत नाही. काढलेला टायर काढलेला राहतो.

बोगुशा मदतीला आली नाही. टोमॅटो दाखवायला असतील तेव्हा बोलाव, येईन म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, बाबांनी त्या खोपटाच्या दारावर माझी उंची कोरलीय दर वाढदिवसाला. ते दार दुसऱ्या कुणाचं झालं तर मी त्या रस्त्याने जाणार नाही.

हे काय बोलणं झालं? मी आहे ना.

१८ जुलै

तोरून. जाताना बाजारातून टोमॅटो घेतले, ते गुलाबी, मोठाले. निवडून निवडून. गाडीत थोडी माती चोळली. माल ग्राहकापुढे कसा मांडायचा ते मला शिकवायला नको.

तातांनी एक कापला, मीठ लावून सावकाश खाल्ला. "माझ्या मातीत असे कधी आले नाहीत," म्हणाले. मी म्हटलं, तंत्र. "हं, तंत्र," म्हणाले, आणि बशी पुढे केली. आणखी दोन खाल्ले.

परत येताना गाडीत बोगुशा मागच्या सीटवर जाऊन बसली. गहिवरली असावी.

९ ऑगस्ट

तातांना सांगितलं, काकड्या एवढ्या की वाटून संपत नाहीत. शेपू घालून खारवायला बरण्या पुरत नाहीत. सांगता सांगता मलाच त्यांचा वास यायला लागला.

अंधार पडताना पलीकडून बाईंचा आवाज: "काकड्या? पोतंभर? अहो, थांबा, मला बसू दे आधी!" आणि हसता हसता श्वास अडकला बिचारीचा. यांच्या प्रेमातही काकड्याच. मात्र आमच्याकडेही काकड्यांचाच विषय चालू असावा, हा योगायोग म्हणून नोंदवून ठेवतो.

३० ऑगस्ट

सण पुढच्या रविवारी. योजना तयार आहे. बाजारात कोबीचे गड्डे उत्तम आलेत.

६ सप्टेंबर, पहाट

ख्शानची पानं मुळापासून छाटली, मातीत खळगे केले, प्रत्येकात एक गड्डा बसवला. बाजूने झेंडूच्या कुंड्या, कुंडीसकट पुरलेल्या. खोपटाच्या पायरीवरून पाहिलं. बाग चित्रासारखी! ताता जरा लांबूनच बघतील अशा बेताने खुर्ची रस्त्याकडे मांडली. आज ऐकणार ते दोन शब्द.

६ सप्टेंबर, संध्याकाळ

विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

ताता काठी टेकत आले आणि खुर्ची ओलांडून सरळ वाफ्यात. एका गड्ड्याला काठीने ढोसलं. गड्डा गडगडत गेला तो एवेलिनाबाईंच्या पायाशी. बाईंनी उचलला, फुंकर मारून माती उडवली, तातांच्या हातात दिला.

ताता बागेकडे बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, "काय हो, तुम्ही तर फोनवर कमीच सांगत होता!"



तो वयस्कर प्रियकर म्हणजे ताता! रोज आधी मी फोन करून सांगायचो, माझा फोन ठेवला की बाई करायच्या. उन्हाळाभर! ब्लँकेटं, फुलोरा, काकड्या, सगळं त्यांना दोन्ही बाजूंनी पोचत होतं. म्हटलं, ताता, टोमॅटो खाताना तरी बोलायचं होतंत! "टोमॅटो चांगले होते की," म्हणाले.

बोगुशाला विचारलं, तुला माहीत होतं? ती डोळे पुसत होती, हसून की रडून ते कळेना. "बाईंना बाबांचा नंबर कुणी दिला असेल, झेनेक?"

मग तिघं कमिटीच्या टेबलाशी गेली, मी मागून. तातांनी सही केली. बाग बोगुशाच्या नावावर. ही म्हणे त्यांना एप्रिलपासूनच सांगत होती, बाबा, मी करीन, पण आधी ह्याचं होऊन जाऊ दे. ताता म्हणाले, खुबा मोडल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून होतो, ह्या पोरीने आणि ह्या बाईने रोज संध्याकाळी फोन करून उठवून बसवलं मला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. हातातला गड्डा मात्र सोडला नव्हता.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण? मी ताठ उभा राहिलो. ताता म्हणाले, "बोगुशाचा नवरा."

७ सप्टेंबर

बोगुशा सकाळीच फावडं घेऊन बागेत गेली. एवेलिनाबाईही. ख्शानचं एकेक मूळ अख्खं, खालपर्यंत खणून काढायचं, यंत्र लावायचं नाही, आणि मी यायचं नाही, असं ठरलंय. कुणी ठरवलं ते मला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला. ताता. आपणहून, पहिल्यांदाच. म्हणाले, काय रे, आज विसरलास? आज बागेत काय काय झालं?

मी जरा तुटकच बोललो. म्हटलं, ताता, आता मी बागेत जात नाही. तिथे काय चाललंय ते मी कसं सांगणार?

"आजवर कुठे अडलं होतं तुझं?" म्हणाले. "थांब, खुर्ची ओढून घेतो. हं, बोल."