नळी कापावी की ठोकावी

धरमपेठ, नागपूर
१२ मार्च १९७४

मा. चंद्रभानभाऊ यांना सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत, आणि तुम्हीही तसेच असाल. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी राहा. तुमचा गुडघा काय म्हणतो? बायजाबाईंना माझा नमस्कार सांगा. मौद्याला उन्हाळा सुरू झाला असेल. इथे सुरू झाला की नाही ते मला कळलेलं नाही, कारण गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात लोखंडाशिवाय दुसरं काही नाही. आमच्या प्रेमिलाच्या लग्नाचं काय झालं हे तुम्हाला कधी एकदा कळतं असं झालं असेल. साहजिक आहे, स्थळ तुम्हीच सुचवलेलं. तर मुलाला मुलगी पसंत पडली, मुलीला मुलगा पसंत पडला, दोघांच्या आयांनाही सगळं पसंत पडलं. अडलं फक्त दोन बापांचं.

तुम्ही मला बजावून ठेवलं होतं की कारखान्याचा विषय काढू नका. भाऊ, शपथेवर सांगतो, मी काढला नाही. मुलाचे, म्हणजे श्रीधरचे, वडील महादेवराव आले, बसले, पोह्यांची बशी हातात घेतली आणि त्यांनीच विचारलं की आपण कोणत्या मशीनवर. आता माणसाने एवढ्या आपुलकीने विचारल्यावर तोंड शिवून बसायचं का? मी म्हटलं, रायफलीच्या नळीत पीळ कापतो. त्यावर ते हसले. (मोठ्याने हसले असते तर मी सोडून दिलं असतं. पण ते नाकातल्या नाकात हसले.) "कापून राहिले? अजून?" ते म्हणाले. "आमच्याकडं तं हातोडे ठोकून राहिले जी. चहा होईस्तोर नळी तयार." हे गृहस्थ दुसऱ्या कारखान्यात ठोकायच्या मशीनवर आहेत ही गोष्ट तुम्ही मला कळवली नव्हती. मुलाचं शिक्षण कळवलंत, पगार कळवलात, पत्रिका आपण बघत नाही म्हणून तीही सोडलीत, आणि नेमकं हेच राहिलं.

तुम्ही शाळामास्तर. नळी कशी होते हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. (आमची मंडळी पंचफुला म्हणते की हे तुमचं थोडक्यात म्हणजे दिवेलागण होते.) पोलादाच्या दांड्याला आरपार भोक पाडायचं, मग आतून पीळदार खाचा करायच्या. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. आमच्या पद्धतीत आकड्यासारखं एक छोटं पातं नळीतून ओढतात. एका ओढीत केसापेक्षा बारीक कीस निघतो. मग नळी जराशी फिरवायची, दुसरी खाच. सगळ्या झाल्या की पुन्हा पहिलीपासून. वेळ लागतो, पण पोलादावर जबरदस्ती नाही. ते आत शांत राहतं, आणि शांत नळीतून गोळी एकाच जागी जाते. महादेवरावांकडे भोकात एक कडक दांडा घालतात, त्यावर उलटा पीळ कोरलेला. मग बाहेरून चारी बाजूंनी हातोडे पडतात आणि पोलाद त्या दांड्याला जाऊन बिलगतं. मान्य आहे की काम झटपट होतं, आतून आरशासारखं गुळगुळीत निघतं, आणि अशी नळी माझ्या नळीपेक्षा जास्त गोळ्या झेलते. पण मार खाल्लेलं पोलाद मनात धरून बसतं. नंतर बाहेरून तासलं की आतलं माप हलतं, आणि नळी तापली की गोळ्या भरकटायला लागतात. हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले की नळी भट्टीत शेकून घेतली की तिचा सगळा राग उतरतो. मी म्हटलं, रागच आणू नये. आणखी एक पद्धत आहे, तिच्यात एक टणक गुंडी नळीतून रेटत नेतात आणि खाचा दाबून उठवतात. ती आम्हा दोघांपैकी कुणीही हाताळलेली नाही, त्यामुळे ती वाईट आहे यावर लगेच एकमत झालं. त्या दिवशीचं एकमत तेवढंच.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण तुम्ही घरचेच. मी स्वयंपाकघरातून लौकी आणली आणि चमच्याच्या दांडीने ती आतून कोरून दाखवली. महादेवरावांनी भिजवलेली कणीक मागवली, ती विणायच्या सुईभोवती गुंडाळली आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन ठोकू लागले. कणीक भिंतीवर गेली, थोडी प्रयागबाईंच्या, म्हणजे महादेवरावांच्या मंडळींच्या, नव्या पातळावर गेली. मुलीला प्रश्न विचारायचे असतात हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. (तेच बरं झालं. प्रेमिला आणि श्रीधर तेवढ्या वेळात छपरीत उभे राहून मनसोक्त बोलले. एरवी आपल्यात त्यांना कोण बोलू देतं?) शेवटी महादेवराव हात धुऊन उठले आणि दारात म्हणाले की आधी नळीचं ठरू द्या, मग तारखेचं बघू. प्रेमिला आत जाऊन जी बसली ती जेवायलाच उठली नाही. मला फार वाईट वाटलं, भाऊ. एवढं चांगलं स्थळ आपल्या तोंडाने घालवलं असं वाटून मी रात्रभर कूस बदलत राहिलो. (लौकीही वाया गेली.)

मग निरोपानिरोपी होऊन ठरलं की रायफल क्लबात जाऊन सोक्षमोक्ष लावायचा. तिथले उस्ताद मधुकरराव, पलटणीतले निवृत्त हवालदार, महादेवरावांच्या ओळखीचे. क्लबात एक जुनी रायफल कापलेल्या नळीची आहे आणि एक नवी ठोकलेल्या नळीची. मी जुनी घ्यायची, त्यांनी नवी, प्रत्येकाने पाच-पाच गोळ्या मारायच्या, ज्याच्या गोळ्या जवळजवळ लागतील त्याची पद्धत खरी. आदल्या दिवशी मी खांद्याला तेल चोळत होतो तेव्हा पंचफुला समोर येऊन उभी राहिली. "हारून या म्हणलं तं हारून या," ती म्हणाली. "पोरीच्या बापाले जिंकून का करा लागते?" मी म्हटलं, अगं हा विज्ञानाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, पोरीचा प्रश्न आहे. वीस वर्षं कापलेल्या नळ्यांची आठवण करून मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली आणि हरायचं कबूल केलं.

रविवारी सकाळी गेलो. मी पोत्यावर आडवा पडून पाच गोळ्या मारल्या, शेजारी महादेवरावांनी मारल्या. दोघंही उठलो, कपडे झटकले, एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत कागद बघायला गेलो. माझा कागद कोरा होता. त्यांचाही कोरा होता. दुकानातून आणल्यासारखे दोन्ही कागद. पलीकडच्या रांगेत कॉलेजची एक मुलगी सराव करत होती, तिच्या कागदावर मात्र तिने मारल्या नव्हत्या एवढ्या गोळ्या सापडल्या, आणि ती आमच्याकडे बघून मधुकररावांकडे तक्रार करायला गेली. मधुकररावांनी दोन्ही रायफली हातात घेतल्या, त्याच जागेवरून प्रत्येकीतून तीन-तीन गोळ्या सोडल्या, आणि दोन्ही कागदांवर रुपयाखाली झाकतील अशी भोकं पाडली. "नळ्या दोन्ही चांगल्या हायेत जी," ते म्हणाले. "मांगचे माणसं बदला."

आम्ही दोघं निंबाखाली जाऊन बसलो. मग महादेवरावांनी घसा खाकरून सांगितलं की घरून प्रयागबाईंची सक्त ताकीद होती, सोयरिकीत भांडण नको, हरून या. म्हणून त्यांनी मुद्दाम बाजूला मारल्या. मला भरून आलं. मीही सांगून टाकलं की मीसुद्धा मुद्दामच. एकमेकांच्या मोठेपणाने आम्ही दोघं इतके गहिवरलो की त्यांनी माझ्या पद्धतीतली अचूकता मान्य केली आणि मी त्यांच्या पद्धतीतला टिकाऊपणा. तिथेच मे महिन्यातली तारीख ठरली. घरी येऊन सांगितलं तेव्हा प्रेमिला दोन भाकरी जास्त जेवली, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं. असा व्याही मिळायला भाग्य लागतं, भाऊ. तुमचे उपकार विसरणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो लग्नात जेवताना वाढेल.

तुमचा साडू,
चंपतराव

ता. क. एक बारीकसं काम होतं. निंबाखालून उठताना महादेवराव म्हणाले की लग्नाचा गोंधळ आटोपला की आपण एकदा खरीखुरी मॅच लावू, मुद्दाम चुकवायचं नाही. मी उत्साहाने हो म्हणून बसलो. तुमच्या शेजारच्या नत्थूजींकडे रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक आहे ना? तिच्या नळीत पीळ नसतात ते मला माहीत आहे, पण डोळ्याला आणि हाताला सवय होईल. तुम्ही फक्त एक कार्ड टाका की मोटारपंप बिघडलाय, चंपतरावांशिवाय कुणाला जमणार नाही, आठ दिवस पाठवा.

पुन्हा ता. क. तुम्ही घरचेच म्हणून लिहितो. मी मुद्दाम चुकवल्या नव्हत्या. हरायचं कबूल केलं होतं खरं, पण पोत्यावर आडवा पडलो, रायफल खांद्याला लागली आणि मला राहवलं नाही. पाचही गोळ्या श्वास रोखून, नीट नेम धरून मारल्या. हे पंचफुलाला कळता कामा नये.

भाऊजी, जयभीम. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. कार्ड खुशाल टाका, ह्यांना येऊ द्या, घरात तेवढीच शांतता. महादेवरावसुद्धा परवापासून त्यांच्या साडूकडे मोटारपंप दुरुस्त करायला गेले आहेत. प्रयागबाई सांगत होत्या की त्या साडूकडे विहीरच नाही. तेव्हा आम्ही दोघींनी मे महिन्याची वाट न बघता लग्न याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी उरकायचं ठरवलं आहे, दोघांपैकी एकाला तरी नेम लागायच्या आत. बायजाबाईला घेऊन शनिवारीच या, आणि ह्यांनाही आठवणीनं सोबत आणा.
— पंचफुला