रिंगखालची जागा

वेसावे,
११ डिसेंबर १९८७

प्रिय अनुपमा,

क्लबची स्मरणिका मिळाली. 'शकुला बास्केटबॉल मी शिकवला' असं छापून तू मोकळी झालीस. अंधेरीच्या त्या सिमेंटच्या कोर्टावर मला पहिल्यांदा तूच नेलंस, हे खरं. आई तिथल्याच बाजारात मासे विकायची, मी टोपल्या उतरवायला यायचे. माझी उंची बघून तू म्हणालीस, "यार, तू रिंगखाली नुसती उभी राहिलीस तरी आपण जिंकू." मी चार वर्षं नुसतीच उभी राहिले. कुठे उभं राहायचं, अंगावर येणारीला पाठीने कसं थोपवायचं, हे तू कधी सांगितलं नाहीस. तुला तरी कुठे माहीत होतं?

मैत्री मात्र मी खरी धरली. रविवारी तू आमच्याकडे जेवायला यायचीस, आणि आई सुरमईचा मधला तुकडा तुझ्यासाठी राखून ठेवायची. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी.

मग त्र्याऐंशीची जिल्हा संघाची निवड चाचणी. कॅप्टन तू, बॉल तुझ्या हातात. मी हात वर करून मागत होते आणि तुझे पास माझ्या घोट्याशी येत होते. पहिल्यांदा वाटलं, घाई झाली असेल. सातव्यांदा तसं वाटलं नाही. पाणी प्यायला गेले तर निवड समितीच्या बाईंना तू सांगत होतीस, "ती फक्त उंच आहे हो. हात नाहीत तिला." यादीत तुझं नाव आलं, माझं नाही. संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात टाकून तू मला उसाचा रस पाजलास. तो मी मुकाट्याने प्यायले, याची चीड मला अजून येते.

शिकवलं कुणी, ते ऐक. घाटकोपरच्या रामचंद्र सरांनी. जुने पिव्होट, म्हणजे रिंगखाली खेळणारे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पहाटेची बस पकडून मी वर्षभर त्यांच्याकडे गेले. पहिले दोन महिने त्यांनी बॉलला हात लावू दिला नाही. म्हणायचे, "आधी जागा मिळव. बॉल मागाहून मागायचा." मी गुडघे वाकवून, पाय फाकवून उभी राहायचे आणि ते पाठीला उशी लावून ढकलायचे. मी पडायचे, कोपरं सोलून निघायची, पुन्हा उभी. नंतर एक पाय रोवून वळणं, बॉल हनुवटीखाली आवळून धरणं, आणि डोक्यावरून हात वळवून मारायचा हुक शॉट, डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी, रोज शंभर-शंभर. पाठीला टेकलेल्या मुलीचा भार कुठल्या खांद्यावर आहे, हे मला न बघता कळायला लागलं, त्या दिवशी सर पहिल्यांदा हसले.

गेल्या वर्षी दुसऱ्या क्लबकडून तुमच्याविरुद्ध मी बावीस पॉइंट केले. तू माझ्यावर तिघी-तिघी सोडल्यास. शिट्टी झाल्यावर हात मिळवायलाही आली नाहीस. आणि आता हा लेख! पुन्हा कुठेही माझं नाव घेऊन मिरवलंस, तर कोर्टावर सगळ्यांसमोर विचारेन.

पण हे पत्र लेखासाठी नाही. रविवारी ज्युनियर मुलींच्या चाचणीत निवड समितीवर मी होते. यादीत तुझी धाकटी बहीण मीरा होती. सोळा वर्षांची, तुझ्यापेक्षा हातभर उंच, रिंगखाली भांबावून उभी. एका वाक्यात तिला घरी पाठवता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिला कुणीतरी जोरात धक्का दिला आणि ती जागची हलली नाही. मी तिच्या नावावर खूण केली. तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस, आणि तिला काही सांगूही नकोस. तिचे पाय उशिरा वळतात, ते सुधारता येईल. पुढच्या शनिवारी सकाळी सातला तिला घाटकोपरला सरांकडे पाठव. तू सोबत येऊ नकोस.

एकेकाळची तुझीच,
शकु