मागच्या दांड्यावरचा खडू

लोमा सेका
शुक्रवार, १७ ऑक्टोबर १९८६

प्रिय देल्फिना,

कशी आहेस? माझा गुडघा बरा आहे. कुत्री व्यायली, चार पिल्लं झाली. त्यातलं तांबूस तुझ्यासाठी ठेवलंय.

हे पत्र नेलिदाच्याच हाती देतोय. तिचा सदरा पाहून तिला रागावू नकोस. इंजिनाचं जळकं तेल आहे, धुतलं तरी जायचं नाही. अन्सेल्मोचा तसलाच सदरा तू अजून जपून ठेवलायस, तेव्हा काय झालं ते तुला कळलंच असेल. तुझी पोरगी काल पहिल्यांदा एकटी विमान घेऊन उडाली, आणि क्लबाच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी तिला तेलानं न्हाऊ घातलं. तिला एकटीला सोडणार नाही, हा तुला दिलेला शब्द मी मोडला.

सात आठवडे आमचा उतरण्याचा सराव चालला होता. ती पुढे, मी मागे, दोघांच्या हाताशी विमान सांभाळायचा एकेक दांडा; एक हलला की जोडलेला दुसराही हलतो. आमच्या क्लबातली दुसरी शिक्षिका रोसाउरा मला रोज छेडायची. "पोरगी कधीची तयार आहे. तुम्हीच सोडत नाही."

"हात कच्चा आहे अजून तिचा."

"कुणाचा हात?"

मंगळवारी खाली उतरलो आणि नेहमीसारखं म्हणालो, "मी दांड्याला बोटसुद्धा लावलं नाही हं!" रोसाउरा कडू माते-चहा पीत उभी होती. म्हणाली, "दाखवा बरं हात." तळवा पांढराफटक! बाईनं सकाळीच मागच्या दांड्याला फळ्याचा खडू फासून ठेवला होता. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. नेलिदा तेवढी हसली नाही.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. देल्फिना, बारा वर्षं टाळलेलं आता लिहितो. अन्सेल्मो शिकत होता तेव्हाही मीच मागे बसायचो. तू कुंपणापाशी उभी असायचीस. बायकोसमोर त्याची फजिती नको, म्हणून जमीन जवळ आली की मी हळूच दांडा धरायचो. वारा पडलेल्या दिवशी तो एकटा उडाला, त्याला परवाना मिळाला, कागदावर सही माझी. पाच महिन्यांनी आडव्या वाऱ्यात उतरताना तो गेला. सगळे वाऱ्याला दोष देत होते आणि मी मान डोलवत होतो. चूक माझी होती. तुला दिलेला शब्द पाळत बसलो असतो, तर पोरीचंही तेच केलं असतं.

म्हणून काल विमानातून उतरलो आणि तिला म्हणालो, "जा. तीन फेऱ्या." हात खिशात घालून उभा राहिलो. पहिल्यांदा टेकताना विमान दोनदा उसळलं. खिशात माझी मूठ वळली होती. तिचं तिनंच सावरलं. पुढच्या दोन्ही वेळा छान टेकली.

तेलानं न्हाऊन झाल्यावर जवळ येऊन म्हणाली, "मामा, आज दांडा हलका लागला."

"म्हणजे तुला कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. आपल्या हातावर दुसऱ्याचा हात असला तर कळत नाही होय?"

तेव्हापासून एकच घोळतंय मनात. मग अन्सेल्मोलाही कळत असणार. तुला तो कधी काही बोलला होता का? बोलला असेल तर खरं काय ते लिही, मला लागेल म्हणून लपवू नकोस. लिहायचं नसेल तर परवा रविवारी ये. नेलिदा सकाळी नऊला उडणार आहे. कुंपण आहे तिथेच आहे, आणि तिच्या मागची जागा रिकामी असेल.

हात खिशात ठेवायला उशिरा शिकलेला,
तुझा दादा
एव्हारिस्तो